पेशीद्रव्य आणि पेशीसांगाडा: टिकणारे तंतू आणि मोडणारे तंतू

आपण ऐरोलीला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवता. अकरावीच्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारलेला प्रश्न आपण मला पाठवला आहे: पेशीद्रव्य जर अर्धप्रवाही असते, तर त्यातली अंगके तळाला का बसत नाहीत, आणि त्यांना धरून ठेवणारा सांगाडा पेशीत असेल, तर पांढऱ्या रक्तपेशीला हवा तेव्हा हवा तसा आकार कसा घेता येतो? त्यापुढे आपण स्वतःची एक शंका जोडली आहे, ती अशी की परीक्षेतल्या गुणांपलीकडे हे प्रकरण प्रत्यक्षात कुठे उपयोगी पडते. मी ठाण्यात हिस्टोपॅथॉलॉजीचे काम करते, म्हणजे रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या ऊतीच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे निदान करते. माझ्या रोजच्या कामात हे प्रकरण सतत येते, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तरी ते सविस्तर देते.

आधी थोडक्यात सांगते. पेशीच्या आत प्रथिनांचे तीन प्रकारचे तंतू असतात. त्यांतले दोन प्रकार, सूक्ष्मनलिका आणि ॲक्टिनचे तंतू, सतत मोडत आणि पुन्हा जुळत असतात, तर तिसरा प्रकार, इंटरमीडिएट फिलामेंट, बराच काळ टिकतो. मोडणाऱ्या तंतूंमुळे पेशीला हालचाल करता येते, वाहतूक करता येते आणि विभाजन करता येते; टिकणाऱ्या तंतूंमुळे तिला ताण सोसता येतो. विद्यार्थ्याला या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटल्या याचे कारण असे की, पुस्तकातल्या आकृतीत तिन्ही तंतू सारखेच स्थिर दिसतात आणि त्यांच्या आयुर्मानातला फरक चित्रात उतरत नाही.

आता पेशीद्रव्याकडे वळू. अंगके वगळून उरणाऱ्या भागाला आपण पेशीद्रव म्हणतो. त्यात पाणी साधारण सत्तर टक्के असते, ही माहिती बहुतेक पुस्तकांत मिळते; मात्र उरलेल्या भागात किती दाटी असते याकडे दुर्लक्ष होते. सस्तन प्राण्यांच्या पेशीत दर लिटरला २०० ते ३०० ग्रॅम प्रथिने असतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकात हे प्रमाण शंभर ग्रॅमच्या आसपास असते, यावरून पेशीद्रवाच्या दाटीची कल्पना यावी. या दाटीचा परिणाम प्रत्येक कणावर सारखा होत नाही. पोटॅशियमचा आयन किंवा ग्लुकोजचा रेणू जवळपास पाण्यात फिरावा तसा फिरतो. मध्यम आकाराच्या प्रथिनाचा वेग पाण्यातल्या वेगाच्या तुलनेत कित्येक पटींनी घटतो. आणि तंतुकणिकेसारख्या मोठ्या अंगकाला तर चहूबाजूंनी तंतूंचे जाळे लागते, त्यामुळे ते आपसूक फार दूर सरकू शकत नाही. म्हणजे पेशीद्रव्य पातळ आहे की घट्ट, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही; ते फिरणाऱ्या वस्तूच्या आकारावर अवलंबून आहे. अंगके तळाला का बसत नाहीत, याचे उत्तर मुख्यतः यातच आहे. ग्लायकोलिसिसची सगळी विकरे याच दाटीत एकमेकांच्या जवळ वावरतात आणि रायबोसोमवर प्रथिने घडण्याचे कामही इथेच चालते. हा भाग आपल्या अभ्यासक्रमात चांगला आलेला असल्यामुळे त्यावर मी थांबत नाही.

या दाटीतून निर्माण होणारी वाहतुकीची अडचण मात्र वर्गात गणित मांडून दाखवण्यासारखी आहे. निव्वळ विसरणाने, म्हणजे रेणूंच्या दिशाहीन धडपडीतून, प्रवास करणाऱ्या रेणूला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पेशीद्रवातल्या एखाद्या प्रथिनाचा विसरण गुणांक सेकंदाला १० वर्ग मायक्रोमीटर धरला, तर दहा मायक्रोमीटर अंतर जायला त्याला साधारण पाच सेकंद लागतात, आणि सामान्य पेशीचे काम तेवढ्यात भागते. पण कमरेतून निघून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा अक्षतंतू जवळपास एक मीटर लांब असतो. तेच सूत्र तिथे लावले, तर उत्तर येते सुमारे सोळाशे वर्षे. प्रत्यक्षात चेतापेशी आपला माल अक्षतंतूतून दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर वेगाने पुढे पाठवते, म्हणजे टोकाशी पोचायला तीन ते पाच दिवस पुरतात. हे शक्य होते ते सूक्ष्मनलिकांमुळे.

सूक्ष्मनलिका म्हणजे ट्युब्युलिन या प्रथिनाची पोकळ नळी. तिचा बाहेरचा व्यास २५ नॅनोमीटर असतो. अल्फा आणि बीटा ट्युब्युलिनच्या जोड्या एकापुढे एक लागून एक पदर तयार होतो आणि असे सहसा तेरा पदर शेजारी शेजारी येऊन नळी पूर्ण होते. सगळ्या जोड्यांची तोंडे एकाच दिशेला असल्यामुळे नळीची दोन टोके सारखी नसतात, त्यांना आपण धन टोक आणि ऋण टोक म्हणतो. ऋण टोक सहसा केंद्रकाजवळच्या तारककेंद्रात रोवलेले असते आणि धन टोक पेशीच्या परिघाकडे वाढत असते. वाढताना जोडलेल्या ट्युब्युलिनवर जीटीपी हा ऊर्जा साठवणारा छोटा रेणू असतो. काही वेळाने त्यातला एक फॉस्फेट तुटून त्याचे जीडीपी होते आणि नळीचा तेवढा भाग आतून अस्थिर बनतो. टोकाला जीटीपीवाल्या जोड्यांचे टोपण शाबूत असेपर्यंत नळी वाढत राहते. टोपण गेले की सगळे पदर बाहेरच्या बाजूला सुटतात आणि नळी झपाट्याने आखडते. एकाच पेशीत शेजारच्या दोन नळ्यांपैकी एक वाढत असते आणि दुसरी कोसळत असते. टिम मिचिसन आणि मार्क किर्श्नर यांनी १९८४ साली हे दाखवून दिले, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयात विद्यार्थ्याने एकच गोष्ट पक्की करायची असेल तर ती ही करावी. विभाजनाच्या वेळी तर्कूतल्या, म्हणजे गुणसूत्रे वेगळी ओढणाऱ्या रचनेतल्या, नळ्या वाढतात, गुणसूत्र सापडले नाही तर मागे येतात आणि दुसऱ्या दिशेने पुन्हा वाढतात. नळी मोडू शकते म्हणूनच तिला शोध घेता येतो.

सूक्ष्मनलिका इतक्या उशिरा का सापडल्या, हेही सांगण्यासारखे आहे, कारण ते माझ्या कामाशी जवळचे आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ऊती पूर्वी थंड ऑस्मियममध्ये स्थिर करत असत, म्हणजे रसायनाने आहे त्या अवस्थेत टिकवत असत, आणि थंडीने बहुतेक सूक्ष्मनलिका विरघळून जातात. १९६३ साली ग्लुटाराल्डिहाइड हे स्थिरक वापरात आले आणि त्याच वर्षी वनस्पतीपेशींत या नळ्या स्पष्ट दिसल्या. त्या पेशीत आधीही होत्याच, फक्त तयारीच्या पद्धतीने त्या नष्ट होत होत्या. ऊती कशात आणि किती वेळात स्थिर केली जाते, याबाबत आम्ही पॅथॉलॉजिस्ट इतका आग्रह धरतो, त्यामागे अशीच कारणे आहेत.

या नळ्यांवरून माल वाहून नेणारी प्रथिने दोन कुळांतली आहेत. कायनेसिन प्रामुख्याने धन टोकाकडे, म्हणजे पेशीच्या परिघाकडे जाते, आणि डायनीन ऋण टोकाकडे, म्हणजे केंद्रकाच्या दिशेने येते. कायनेसिनचा शोध १९८५ साली स्क्विडच्या जाड अक्षतंतूवर काम करताना लागला. त्याचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे, म्हणजे नेमके ट्युब्युलिनच्या एका जोडीइतके असते आणि प्रत्येक पावलाला एटीपी या पेशीच्या ऊर्जारेणूचा एक रेणू खर्च होतो. डायनीनचे अनेक रेणू मिळून जड माल कसा ओढतात, यावर रूप मल्लिक यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत केलेले काम जगभर वाखाणले गेले आणि त्यांना २०१४ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. मुलांना हे आवर्जून सांगावे, कारण पाठ्यपुस्तकातली नावे वाचून हे सगळे संशोधन परदेशातच झाल्याचा त्यांचा समज होतो.

आता औषधांविषयी. आपल्या गच्चीत, गॅलरीत, इमारतीच्या आवारात सदाफुली असते. तिच्यातले विनब्लास्टिन हे द्रव्य १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी वेगळे केले, आणि तिच्यातूनच मिळालेले विनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही दिले जाते. ही दोन्ही द्रव्ये ट्युब्युलिनला चिकटून नळी जुळू देत नाहीत. पावसाळ्यात येऊरच्या डोंगरउतारावर लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी आपण पाहिली असेल. तिच्यातले कोल्चिसिनही ट्युब्युलिनलाच बांधते. गाउट या सांधेदुखीच्या झटक्यात ते अल्प मात्रेत देतात, कारण त्यामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचे काम मंदावते. मात्र कळलावीचे सगळेच भाग, विशेषतः तिचा कंद, जिवावर बेतण्याइतके विषारी आहेत, त्यामुळे वर्गात नमुना म्हणून ती आणू नये. तिसरे औषध टॅक्सॉल, तेही कर्करोगावरचे. त्याची रचना मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केली. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. हे औषध नळी जुळू देत नाही असाच सुरुवातीला कोणाचाही तर्क झाला असता, परंतु सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ साली दाखवले की ते नेमके उलट करते: टॅक्सॉल नळीला इतके घट्ट करते की ती मोडतच नाही. तरीही पेशी मरते. नळ्या जुळू दिल्या नाहीत तरी विभाजन अडते आणि मोडू दिल्या नाहीत तरी अडते. सूक्ष्मनलिकेचे कार्य तिच्या सतत बदलण्यातच आहे, याला याहून सबळ पुरावा मला तरी माहीत नाही.

याच औषधांनी रुग्णांच्या हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, शर्टाची बटणे लावणे अवघड होते. चेतापेशी तर विभाजित होत नाहीत. मग त्यांना इजा का व्हावी? कारण त्यांची वाहतूक त्याच नळ्यांवरून चालते, आणि सर्वांत लांब अक्षतंतूंना तिची झळ आधी बसते. म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होतो. वर दिलेले एक मीटरचे गणित आणि रुग्णाची तक्रार यांचा थेट संबंध आहे, तो मुलांना जरूर दाखवावा.

पांढऱ्या रक्तपेशीच्या आकाराचा प्रश्न ॲक्टिनशी निगडित आहे. ॲक्टिनचे तंतू सर्वांत बारीक, सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे असतात आणि ते प्रामुख्याने पटलाच्या लगत दाटीने असतात. ब्रूनो स्ट्राउब यांनी १९४२ साली हंगेरीत सेझेद इथे स्नायूंमधून ॲक्टिन वेगळे केले, त्यामुळे बराच काळ ते केवळ स्नायूंचेच प्रथिन समजले जाई. प्रत्यक्षात ते आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत असते. न्यूट्रोफिलला जिवाणूचा माग लागला की त्या बाजूच्या पटलाखाली ॲक्टिनच्या जुन्या तंतूंवर सुमारे सत्तर अंशांच्या कोनात नव्या फांद्या फुटू लागतात, त्यांची वाढती टोके पटलाला पुढे रेटतात, मागच्या बाजूचे जुने तंतू कापले जातात आणि सुटलेले ॲक्टिनचे रेणू पुन्हा पुढे वापरले जातात. मागचा भाग मायोसिन, म्हणजे ॲक्टिनच्या तंतूंना ओढणारे प्रथिन, आवळून घेते. अशा रीतीने पेशी मिनिटाला दहा-वीस मायक्रोमीटर सरकते. तेव्हा विद्यार्थ्याला सांगावे की पांढऱ्या पेशीचा आकार सांगाडा असूनही बदलतो असे नाही. तो सांगाड्यामुळेच बदलतो.

लाल रक्तपेशीचे उदाहरण याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे आहे. तिच्यात केंद्रक नाही, सूक्ष्मनलिका नाहीत. पटलाच्या आतून ॲक्टिनच्या आखूड तंतूंना स्पेक्ट्रिनच्या लांब, लवचीक धाग्यांनी जोडून बनवलेली जाळी तेवढी असते. साडेसात मायक्रोमीटर व्यासाची ही पेशी सुमारे १२० दिवस प्लीहेतल्या अतिशय अरुंद फटींतून पुनःपुन्हा जाते आणि पूर्ववत होते. ही जाळी किंवा तिला पटलाशी बांधणारे प्रथिन जन्मतः सदोष असेल, तर पटलाचे तुकडे गळत जातात आणि चकतीसारखी पेशी गोल होते. रक्ताच्या स्मिअरवर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या थेंबात, अशा पेशी लगेच ओळखू येतात: त्या आकाराने लहान आणि गडद असतात, आणि निरोगी लाल पेशीच्या मधोमध दिसणारा फिकट भाग त्यांच्यात दिसतच नाही. फटीतून जाताना त्या अडकतात, प्लीहेत नष्ट होतात आणि मुलाला ॲनिमिया व कावीळ होते. स्पेक्ट्रिन हे नाव अकरावीच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवे, असे माझे मत आहे.

आता तिसरा प्रकार, ज्यावर माझा व्यवसाय चालतो: इंटरमीडिएट फिलामेंट, म्हणजे सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे तंतू. यांचे रेणू लांबट असतात, दोन-दोन मिळून पीळ घेतात, पीळ घेतलेल्या दोन जोड्या उलटसुलट तोंडांनी एकत्र येतात आणि मग अशा अनेक जुड्यांचा तंतू बनतो. तोंडे उलटसुलट असल्यामुळे या तंतूला धन-ऋण टोक नाही, म्हणून त्यावरून कायनेसिन किंवा डायनीन चालू शकत नाही. त्याच्या जुळणीला एटीपी किंवा जीटीपी लागत नाही. मात्र ताणला तर तो न तुटता मूळ लांबीच्या दुपटीहून अधिक लांब होतो. त्वचेच्या सर्वांत खालच्या थरातल्या केराटिन ५ किंवा केराटिन १४ यांच्या जनुकात दोष असला, तर तान्ह्या बाळाची त्वचा साध्या घर्षणाने फोडांनी भरते, कारण पेशी आतून फाटतात. पेशीला ताण सोसण्याची ताकद कोणामुळे मिळते, ते या आजारावरून कळते.

या तंतूंचा दुसरा गुण असा की ते ऊतीनुसार वेगळे असतात. ॲक्टिन आणि ट्युब्युलिन सगळीकडे जवळपास सारखेच. पण अभिस्तर ऊतीत केराटिन, स्नायूत डेस्मिन, संयोजी ऊतीत व्हायमेंटिन, मेंदूतल्या आधारपेशींत जीएफएपी हे प्रथिन. एकट्या केराटिनचीच माणसात पन्नासहून अधिक जनुके आहेत. पेशी कर्करोगाची झाली, तिचे रूप पार बिघडले, तरी हा वारसा ती बहुधा सोडत नाही.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते सांगते. मानेला गाठ आलेला रुग्ण येतो, आणि आमच्याकडे त्या लसीका ग्रंथीचा तुकडा फॉर्मेलिन या स्थिरकात येतो. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात नुसत्या मोठ्या, बेढब पेशींचे पुंजके दिसतात. त्या लसीका ग्रंथीच्याच आहेत की दुसरीकडून आल्या आहेत, हे कितीही निरखले तरी ठरत नाही. मग त्याच पॅराफिनच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रोमीटर जाडीचे काप घेतो, बफरमध्ये उकळून फॉर्मेलिनने झाकलेली प्रतिजने, म्हणजे प्रतिपिंडांना चिकटण्याच्या जागा, मोकळ्या करतो आणि एका कापावर केराटिनविरोधी, दुसऱ्यावर लिंफोसाइटच्या (लसीका ग्रंथीतल्या पांढऱ्या पेशींच्या) खुणेविरोधी, तिसऱ्यावर मेलॅनोमाच्या (त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाच्या) खुणेविरोधी प्रतिपिंड घालतो; प्रतिपिंड चिकटले तिथे तपकिरी रंग उमटतो. केराटिनच्या कापावर त्या पेशींचे पेशीद्रव्य तपकिरी झाले, केंद्रक निळे राहिले आणि आजूबाजूचे लिंफोसाइट कोरे राहिले, तर ती गाठ कार्सिनोमाची, म्हणजे अभिस्तर ऊतीतून निघालेल्या कर्करोगाची. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे अशा वेळी प्रथम तोंड आणि घसा तपासायला सांगावे लागते. लिंफोसाइटची खूण उमटली असती, तर उपचार पूर्ण वेगळे झाले असते. पुढे गरज पडल्यास केराटिन ७ आणि केराटिन २० पाहतो: मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सहसा २० उमटते आणि ७ नाही, फुफ्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमात, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींच्या कर्करोगात, बहुतेकदा याच्या उलट. कोणतीही एक खूण स्वतंत्रपणे पुरेशी नसते. काही सार्कोमांत, म्हणजे स्नायू, हाडे यांसारख्या ऊतींच्या कर्करोगांत, केराटिन दिसते, आणि पसरू लागलेल्या कार्सिनोमाच्या पेशी व्हायमेंटिन बनवू लागतात, म्हणून निदान नेहमी खुणांच्या संचावर आणि पेशींच्या मूळ रूपावर करायचे असते.

इथे आयुर्मानाचा मुद्दा पुन्हा कामाला येतो. केराटिन चिवट असल्यामुळेच फॉर्मेलिन, मेण आणि उकळणे या सगळ्यातून ओळखण्याजोगे उरते, आणि अनेक वर्षे जपून ठेवलेल्या ब्लॉकमधूनही ते रंगवता येते. मात्र हे तंतू अगदी अचल असतात असेही समजू नये. विभाजनाच्या वेळी फॉस्फेट जोडले जाऊन त्यांची फेररचना होते, आणि कर्करोगात केराटिनचे प्रकारही बदलतात. तोंडाच्या बहुस्तरीय अस्तरात सहसा न आढळणारी केराटिन ८ आणि १८ ही जोडी तिथल्या कर्करोगात दिसू लागते. यावर खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत, दीर्घकाळ काम झाले आहे. ऐरोलीहून खारघर दूर नाही. हा संदर्भ मुलांना जवळचा वाटेल.

पुस्तकातले एक विधानही दुरुस्त करून सांगावे. जिवाणूंमध्ये पेशीसांगाडा नसतो, असे पूर्वी सरसकट लिहीत असत. ट्युब्युलिनशी नाते असलेले एफटीएसझेड हे प्रथिन जिवाणूच्या मध्यभागी कडे करून त्याचे विभाजन घडवते आणि ॲक्टिनशी नाते असलेले एमआरईबी दंडगोल जिवाणूंचा आकार राखते, हे आता प्रस्थापित झाले आहे.

शेवटी वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सुचवते. मत्स्यालयाचे सामान विकणाऱ्या दुकानात हायड्रिला मिळते. तिचे एक कोवळे पान काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून काही मिनिटे दिव्याच्या उजेडात राहू द्यावे आणि मग मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी चारशे पट वर्धनाखाली पाहाव्यात. हरितलवके पेशीच्या कडेकडेने एकाच दिशेने सरकताना दिसतील. हा प्रवाह ॲक्टिनच्या तंतूंवरून चालणारे मायोसिन निर्माण करते. सूक्ष्मनलिका मोडणाऱ्या कोल्चिसिनने तो थांबत नाही, ॲक्टिनची जुळणी रोखणाऱ्या सायटोकॅलासिनने मात्र थांबतो. ही दोन्ही द्रव्ये विषारी असल्यामुळे शाळेत वापरू नयेत. त्याऐवजी दुसऱ्या पट्टीवर बर्फाच्या पाण्यात ठेवलेले पान घ्यावे आणि दोन्हींतला वेग सूक्ष्ममापीने मोजायला सांगावा. हरितलवकाची हालचाल एका दिशेची आहे की इकडेतिकडे थरथरणारी आहे, हे आधी मुलांना नोंदवू द्यावे, कारण निव्वळ विसरण आणि एटीपी खर्चून होणारी वाहतूक यांतला फरक त्यांना त्या नोंदीवरूनच स्वतः काढता येईल.